गुटीतल्या मॉसचं माहेर

प्रश्न सांगोल्याकडच्या एका तरुण नर्सरीवाल्याचा आहे. त्यानं लिहिलंय: "काका, डाळिंबाच्या गुटीला आपण मॉस बांधतो, पाकिटावर स्फॅग्नम असं लिहिलेलं असतं. थंड मुलखातलं शेवाळ आहे म्हणतात. ते नेमकं असतं कसं, राहतं कुठं? दर वर्षी पैसे घालण्यापेक्षा शेडनेटखाली फॉगर लावून आपणच वाढवलं तर? आणि तोवर विहिरीतलं शेवाळ वापरलं तर काय बिघडलं?"

गुटी म्हणजे झाडावरच्या फांदीची साल कड्यासारखी काढून, तिथं ओलं मॉस बांधून मुळं फोडणं, हे बाकीच्या वाचकांसाठी. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याची फी मी भरलेली आहे.

बीएस्सी बॉटनी करून नर्सरीत पडलो त्याच्या दुसऱ्याच वर्षीची गोष्ट. ऐन आषाढात गुट्या बांधायचं काम चालू आणि मॉस संपलं. मजूर बसून होते. मी शहाणपणा केला. पडक्या विहिरीत हिरवंगार शेवाळ तरंगत होतं, त्याच्या चार पाट्या काढल्या, पिळल्या आणि तीनशेच्या वर गुट्या त्यातच बांधून टाकल्या. आठ दिवसांनी एक सोडून बघितली तर नाकाला पदर लावावा असा वास. आत काळा चिखल झालेला, साल काढलेली जागा काळी पडलेली. त्या तीनशेतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी रोपं आली, तीही मरतुकडी. वडील काही बोलले नाहीत, फक्त वहीत तो आकडा लिहून ठेवला. ती वही अजून आहे.

घोटाळा शब्दात आहे. आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच 'शेवाळ' म्हणतो. विहिरीतलं ते शैवाल. त्याला खोड नाही, पान नाही, नुसते बुळबुळीत तंतू. प्रत्येक तंतू जिवंत पेशींनी भरलेला, म्हणजे कुजायला तयार माल. प्लास्टिकमध्ये कोंडलं की ते मरतं, सडतं आणि सडताना आतला सगळा प्राणवायू खाऊन टाकतं. मुळी फुटायला ओल जितकी लागते तितकीच हवाही लागते, हे आपण विसरतो. मॉस हा वेगळाच गट. नववीच्या पुस्तकात ब्रायोफायटा म्हणून येतो, तिथं फ्युनारियाचं चित्र असतं. शास्त्राच्या मराठीत मॉसला 'हरिता' असा गोड शब्द आहे, पण नर्सरीत कुणाला हरिता आण म्हणालास तर तो शेजारच्या वस्तीवर जाऊन कुणातरी बाईला घेऊन येईल. म्हणून मॉसच म्हणू.

आता एक काम कर. पाकिटातली एक अख्खी काडी निवड, तुकडा नको. पांढऱ्या ताटलीत पाणी घेऊन ती त्यात सोड आणि पाच मिनिटांनी भिंगातून बघ.

मधोमध एक बारीक खोड दिसेल. त्याच्यावर ठरावीक अंतरानं फांद्यांचे झुबके. प्रत्येक झुबक्यात दोन तऱ्हेच्या फांद्या: काही बाहेर पसरलेल्या, आणि काही खाली वळून खोडाला चिकटून लोंबणाऱ्या. या लोंबणाऱ्या फांद्या म्हणजे दिव्याची वात. पाणी त्यांच्यातून खोडाच्या कडेनं वर चढतं. शेंड्याला फांद्यांची दाटी होऊन एक गोंड्यासारखं डोकं झालेलं असतं. वाढ तिथंच होते. खालचा भाग मरत जातो, वरचा वाढत जातो. मूळ शोधू नकोस, सापडणार नाही. बाकीच्या मॉसना निदान मुळासारखे धागे तरी असतात, मूलाभ म्हणतात त्यांना. पूर्ण वाढलेल्या स्फॅग्नमला तेही नसतात. ज्या वनस्पतीला स्वतःचं मूळ नाही तिच्यात गुंडाळून आपण डाळिंबाला मुळं फोडतो, याची मला अजून गंमत वाटते.

खरी करामत पानात आहे. ओळखीच्या शाळेत मायक्रोस्कोप असेल तर फांदीवरचं एक पान चिमट्यानं ओढून काचेवर ठेव. पानाची जाडी एका पेशीची. पण पेशी दोन जातींच्या. एक हिरव्या, अरुंद, नागमोडी; त्या जिवंत, अन्न तयार करणाऱ्या, आणि त्यांचं जाळं विणलेलं. जाळ्याच्या प्रत्येक घरात एक मोठी, फुगीर, काचेसारखी पारदर्शक पेशी. ती मेलेली असते. आत काही नाही, नुसती पोकळी. भिंतीला आतून कड्या, विहिरीत सिमेंटच्या कड्या उतरवतात तशा, म्हणजे रिकामी झाली तरी पेशी दबू नये. आणि भिंतीला गोल भोकं, पाणी आत-बाहेर करायला.

ही मेलेली पेशी म्हणजेच तू विकत घेतोस ती वस्तू. बाकी सगळं तिच्यासाठीचा सांगाडा. जिवंत झाडानं स्वतःच्याच अंगात, जिवंत असतानाच, मेलेल्या टाक्या बांधून ठेवलेल्या आहेत. म्हणून मॉस वाळवलं, दाबून पाकिटात भरलं, समुद्रापलीकडून इथं आणलं तरी त्याचं काम बंद पडत नाही. पाण्यात टाकलं की टाक्या भरतात. चांगल्या प्रतीचं कोरडं स्फॅग्नम स्वतःच्या वजनाच्या 16 ते 26 पट पाणी धरतं. कापसाचं हेच माप पाच-सहा पटींच्या आसपास जातं. आपलं सोलापूर टॉवेलसाठी नावाजलेलं, पण टर्किश टॉवेल पाणी धरतो ते धाग्यांच्या मधे. स्फॅग्नम धरतं ते टाकीत, आणि पानापानांमधली जागा हवेला मोकळी सोडतं. पिळलेल्या मॉसमध्ये ओल आणि हवा एकत्र नांदतात ती यामुळं, आणि विहिरीच्या शेवाळानं माझा घात केला तोही याच्याच उलट्या कारणानं.

पाकिटातलं मॉस पांढुरकं का, असं गिऱ्हाईक विचारतं. धुवून रंग उडवला असेल असा संशय घेतात. तसं काही नसतं. टाक्यांतलं पाणी गेलं की हवा भरते आणि पान पांढरं दिसतं. जिवंत मॉससुद्धा उन्हाळ्यात त्याच्या मुलखात असंच पांढरं पडतं. भिजवल्यावर मूळचा रंग थोडा परत येतो: काही जातींत हिरवा, काहींत तपकिरी, काहींत चक्क डाळिंबी.

पहिल्या महायुद्धात कापूस दारूगोळ्याला लागायला लागला तेव्हा ब्रिटनमध्ये जखमांवर याच मॉसच्या पट्ट्या बांधल्या. 1918 पर्यंत महिन्याला दहा लाख पट्ट्या तयार होत होत्या. गावोगावच्या बायका-पोरं माळावर जाऊन मॉस गोळा करायची, काड्या-कचरा वेचून वाळवायची. आपल्याकडे बायका शेंगा फोडायला बसतात तसं चित्र डोळ्यांपुढं आण. पट्टी रक्त शोषून घ्यायची हे झालंच, पण तिच्या खाली जखम चिघळायची कमी, असाही अनुभव होता. याचं कारण मॉसच्या आंबटपणात आहे, आणि तिथून आपण त्याच्या माहेरी पोचतो.

मॉसच्या पेशीभित्तिकेत आम्लाचे कण असतात. पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम जे काही असेल ते ती भिंत धरून ठेवते आणि बदल्यात आम्ल पाण्यात सोडते. म्हणजे मॉस स्वतःच्या भोवतालचं पाणी स्वतःच आंबट करून घेतं. स्फॅग्नमच्या दलदलीचं पाणी साधारण 4 सामूचं (म्हणजे पीएचचं) असतं, टोमॅटोच्या रसाइतकं. आंबट, थंड आणि हवा नसलेल्या पाण्यात कुजवणारे जीव सुस्तावतात. खाली मेलेलं मॉस सडत नाही, दबत जातं, थर साठत जातो. त्या थराला पीट म्हणतात. तू वापरतोस ते कोकोपीट वेगळं, ती नारळाच्या काथ्याची भुकटी. पीटसारखं काम करतं म्हणून नाव उसनं घेतलं इतकंच.

पीट किती हळू साठतं? वर्षाला सुमारे एक मिलिमीटर. सिद्धरामेश्वर महाराज सोलापुरात तळं खोदवून घेत होते त्या बाराव्या शतकात जे मॉस शेंड्याला हिरवं होतं, ते आज त्या दलदलीत जवळपास दोन हात खाली असेल. आणि नुसतं असेल असं नाही, उकरून काढलं तर पान ओळखू येईल. माणूससुद्धा टिकतो. 1950 साली डेन्मार्कमध्ये पीट खणणाऱ्यांना एक प्रेत सापडलं. चेहरा इतका ताजा की कालपरवाचा खून समजून त्यांनी पोलिसांना कळवलं. तो माणूस निघाला सुमारे 2400 वर्षांपूर्वीचा. दाढीचे खुंट तसेच, कपाळावरच्या आठ्या तशाच.

आता राहणं कुठं. नकाशावर उत्तरेला बघ: कॅनडा, स्कॅंडिनेव्हिया, रशियाचा सायबेरिया, आणि खाली स्कॉटलंड-आयर्लंड. दक्षिणेला चिली-अर्जेंटिनाचं टोक, न्यूझीलंड, टास्मानिया. जाती 300हून अधिक आहेत, पण त्यांचं राज्य म्हणावं असा मुलूख हाच. पश्चिम सायबेरियात ओब आणि इर्तिश या नद्यांच्या मधे वास्युगनची दलदल आहे, सुमारे 53,000 चौरस किलोमीटर. आपला सोलापूर जिल्हा पंधरा हजाराच्या आत-बाहेर. म्हणजे तसे साडेतीन जिल्हे मावतील एवढं आडवं पसरलेलं पाणी आणि मॉस. जगाच्या जमिनीपैकी पीटचा भाग फक्त 3 टक्क्यांच्या आसपास, पण त्या 3 टक्क्यांत जेवढा कार्बन दडलाय तेवढा जगभरच्या जंगलांतल्या सगळ्या झाडांत मिळून नाही.

अशी दलदल सपाट दिसते, पण तिच्यात उंचवटे आणि खळगे असतात आणि प्रत्येक पायरीवर वेगळी जात. खळग्यात, अगदी पाण्यात बुडून, स्फॅग्नम कस्पिडॅटम, मऊ आणि विस्कटलेलं. उंचवट्याच्या माथ्यावर स्फॅग्नम फस्कम, तपकिरी, गालिच्याच्या लोकरीसारखं गच्च. माथ्यावर पाणी लांब, वारा जास्त. म्हणून तिथली जात एकमेकींना बिलगून राहते आणि खालून पाणी खेचून घेते. एकेकटी काडी तिथं दोन दिवसांत वाळून जाईल. शिवाय उंचवट्यावरचं मॉस कुजतंही सावकाश, त्यामुळं उंचवटा उंचवटाच राहतो.

हिवाळ्यात सायबेरियात पारा शून्याखाली तीस-चाळीसवर जातो, पण मॉस बर्फाखाली झाकलेलं असतं आणि बर्फ म्हणजे त्याची सोलापुरी चादर. गोठून पडतं, वितळलं की परत कामाला लागतं. थंडी त्याला आवडते असं म्हणणं मात्र मला फारसं पटत नाही. वाढ तर ते उन्हाळ्यातच करतं. त्याला थंडीचा फायदा आडवाटेनं मिळतो: थंडीत बाष्पीभवन कमी, म्हणून थोड्या पावसातही जमीन बारा महिने ओली, थंडीत कुजणं कमी, म्हणून खालून अन्नद्रव्यं सुटत नाहीत, आणि अन्नद्रव्यं नाहीत म्हणून मोठं गवत-झाड येऊन त्याला सावलीत दाबत नाही. गरीब पाण्यात तग धरणं हेच त्याचं हत्यार. नुसत्या पावसावर जगतं. कासच्या पठारावर दवबिंदू ही किडे खाणारी चिमुकली वनस्पती पाहिली असशील. तिचीच भावंडं तिकडे स्फॅग्नमच्या गादीवर बसलेली असतात. तिथल्या पाण्यात नत्र मिळत नाही, म्हणून माश्या-डास धरून खातात.

आणखी एक गोष्ट सांगतो आणि मग तुझ्या शेडनेटकडे येतो. स्फॅग्नमला फूल नाही, बी नाही. दोनेक मिलिमीटरची गोल काळपट बोंडी येते, तिच्यात बीजाणू. कडक उन्हाच्या दिवशी बोंडी वाळून आक्रसते, गोलाची नळी होते, आत हवा दाबली जाते आणि झाकण पट् करून उडतं. बीजाणू 10 सेंटिमीटरच्या वर फेकले जातात. 2010 साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी वेगवान कॅमेऱ्यानं हे टिपलं तेव्हा दिसलं की बीजाणू कडं करून वर जातात, विडी ओढणारा म्हातारा धुराची कडी सोडतो तशी. जमिनीलगत हवा स्थिर असते. वाऱ्यावर स्वार व्हायला तेवढी उडी लागतेच.

भारतात स्फॅग्नम नाहीच असं नाही. हिमालयात आहे, आणि दक्षिणेत निलगिरी-पळणीच्या डोंगरमाथ्यावरही आहे. कोडाईकॅनॉलच्या वर एका ओहोळाच्या काठी मी ते पहिल्यांदा जिवंत पाहिलं. पाकिटातलं वीस वर्षं हाताळलेलं, तरी ओळखायला मिनिटभर लागलं. हाताचा तळवा त्यावर ठेवला तर मनगटापर्यंत गार पाणी आलं, आणि हात उचलला तर खड्डा हळूहळू भरून वर आला. बायको म्हणाली, इडलीचं पीठ फुगतंय जणू.

तर शेडनेट. तू म्हणतोस ऊन अडवलं, धुकं सोडलं की झालं. मलाही तेच वाटायचं. सगळ्यांना वाटतं की सोलापूरचा मे महिना हा मॉसचा शत्रू. मी दोन हिवाळे करून बघितलं आणि वेगळंच शिकलो.

झालं असं की एका पावसाळ्यात भिजवून उरलेलं मॉस प्लास्टिकच्या डब्यात झाकण लावून राहिलं. नोव्हेंबरात उघडलं तर त्या मेलेल्या पांढऱ्या गुंत्यातून पोपटी कोंब आलेले, टाचणीच्या डोक्याएवढे. खोडावरच्या झोपलेल्या कळ्या असतात, अनुकूल ओल मिळाली की जाग्या होतात. मला पोरगं झाल्यासारखा आनंद झाला. ते कोंब दोन काचेच्या भांड्यांत वाटले. एकाला बोअरचं पाणी, दुसऱ्याला पत्र्यावरून धरून ठेवलेलं पावसाचं. दोन्ही उत्तरेच्या खिडकीत, शेजारी-शेजारी. डिसेंबर होता, रात्री स्वेटर लागत होता. म्हणजे ऊन, उकाडा यांचा प्रश्नच नाही.

बोअरचं भांडं तीन आठवड्यांत गेलं. आधी शेंडे फिके, मग चहाच्या चोथ्यासारखे तपकिरी. काचेवर पाण्याच्या रेघेला पांढरी कड आली होती, आपल्या बादलीला येते तीच. पावसाच्या पाण्यातलं भांडं मात्र मार्चअखेरपर्यंत हिरवं होतं. एप्रिलात खोली तापली तशी बुरशी आली आणि तेही गेलं. पुढच्या हिवाळ्यात परत केलं, तोच क्रम.

आपली जमीन काळ्या पाषाणाची, खाली चुनखडी. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर आणि सामू सातच्या वर, बहुतेक ठिकाणी आठकडे झुकलेला. स्फॅग्नमला नुसतं कॅल्शियम किंवा नुसता वरचा सामू एक वेळ सोसतो, दोन्ही एकत्र आले की ते मरतं. आपल्या पाण्यात दोन्ही एकत्रच येतात. उकाड्याआधी पाणीच त्याचा निकाल लावतं. फॉगरनं हे आणखी बिघडेल. फॉगरचं पाणी पानावर बसतं, उडून जातं, आणि क्षार मागं ठेवतं. मूळ नसलेली वनस्पती सगळं पानातून घेते, तिला क्षार झटकून टाकायला जागा नाही. एक दिवसाचं काही वाटणार नाही, महिन्याभरात मीठ घातल्यासारखं होईल. आरओचं पाणी वापरून हा अडथळा निघेल. मग उन्हाळा आडवा येतो, त्याला एसी लागेल. शिवाय मॉस वाढतं वर्षाला काही सेंटिमीटर. आपल्याकडे जिल्ह्यात सरासरी पाऊसच साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही चार महिन्यांत उरकणारा. काचेच्या बरणीत हौस म्हणून कर, मी कोंब देईन. धंद्यासाठी त्या वाटेला जाऊ नकोस.

हवामानापेक्षा पाणी मोठं, याचा दुसरा पुरावा भुईकोट किल्ल्याच्या भिंतीवर आहे. मे महिन्यात चुन्याच्या सांध्यांतून काळी खरखरीत बुरशीसारखी दिसणारी पट्टी असते ना, तेही मॉसच. त्यात हायोफिला नावाची जात आपल्याकडे भिंतीभिंतीवर आढळते. वाळली की पानांच्या कडा आत वळवून घेते, सुरळी करते. किल्ल्याचं खरवडू नकोस, तुझ्या हौदाच्या जुन्या भिंतीवरही मिळेल. त्यावर ड्रॉपरनं चार थेंब टाक आणि भिंगातून बघत राहा. मिनिटाभरात सुरळ्या उलगडतात आणि काळ्याचं हिरवं होतं. हिला चुना चालतो, महिनोन् महिने वाळून पडणं चालतं. स्फॅग्नमला यातलं काही जमत नाही. ते पाणी साठवायला शिकलं, वाळून जगायला नाही. आणि चंदेरी मॉस म्हणून एक जात आहे, ब्रायम अर्जेंटियम, ती अंटार्क्टिकातही राहते आणि शहरातल्या फुटपाथच्या फटीतही. तेव्हा मॉस म्हणजे थंडीच, हेही डोक्यातून काढून टाक. ही भिंतीवरची मॉसं गुटीला वापरता येतील का असं विचारशील, तर नाही. ती नखभर उंचीची, पोतं भरायला गावातल्या सगळ्या भिंती लागतील.

आता कामाचं. बाजारात मॉस म्हणून तीन माल मिळतात. एक लांब काडीचं परदेशी, चिली-न्यूझीलंडकडचं. महाग, पण खरं स्फॅग्नम. दुसरं पहाडी 'मॉस घास', हिमालयातल्या जंगलातून आलेलं. त्यात चार जातींची मॉसं, काड्या, वाळकी पानं सगळं असतं. गुटीला चालतं, पाणी कमी धरतं, कचरा वेचावा लागतो. तिसरं म्हणजे पहिल्याच्या नावाखाली दुसरं. मलाही एकानं तसं गळ्यात मारलंय. ओळख सोपी आहे: भिजवलेल्या काडीला गोंड्यासारखं डोकं आणि झुबक्यानं फांद्या दिसल्या तर स्फॅग्नम. नेच्याच्या पानासारखी किंवा पिसासारखी चपटी फांदी दिसली तर दुसरं काहीतरी.

रात्रभर भिजव. पाणी पावसाचं असलं तर उत्तम, पण गुटीपुरतं बोअरचंही चालतं. मी दोन्ही करून पाहिलंय, पस्तीस-चाळीस दिवसांच्या कामात फरक दिसला नाही. इथं मॉस जगवायचं नाहीये. सकाळी मूठ गच्च पिळ. थेंब टिपकायचे थांबले पाहिजेत. नवी पोरं इथंच चुकतात, निथळतं मॉस बांधतात आणि मग मुळी फुटली नाही म्हणून हार्मोनला दोष देतात. निथळत्या मॉसमध्ये हवेच्या जागाही पाण्यानं भरलेल्या असतात, म्हणजे तू परत माझ्या विहिरीवर येऊन पोचलास. पेन्सिलीएवढी जाड फांदी, अडीच-तीन सेंटिमीटर सालीचं कडं काढलेलं, आतला बुळबुळीत थर पुसलेला, आयबीए हे मुळं फोडणारं हार्मोन लावलेलं, वर लिंबापेक्षा थोडा मोठा मॉसचा गोळा आणि पारदर्शक प्लास्टिक दोन्हीकडून आवळून. आयबीएचं प्रमाण केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात विचारून घे, ऐकीव आकड्यावर जाऊ नकोस. मातृझाडाला तेल्या रोग नसावा हे तुला सांगायला नको, तरी सांगतो. मुळ्या पांढऱ्याच्या तपकिरी व्हायला लागल्या की काप.

हातमोजे घाल. हे मी आईच्या काळजीनं सांगतोय असं समज. मॉसमध्ये एक बुरशी असू शकते, स्पोरोथ्रिक्स नाव तिचं. कातडीला खरचटलेलं असलं की तिथून आत शिरते, आणि डाळिंबाच्या बागेत काट्यानं न खरचटलेला हात मला दाखव. 1988 साली अमेरिकेत रोपं मॉसमध्ये गुंडाळणाऱ्या-हाताळणाऱ्या 84 जणांना एका लाटेत हा रोग झाला होता. हातावर एक न दुखणारी गाठ येते, फुटते, आणि मग तिच्या वर दंडाकडे ओळीनं आणखी गाठी. तसं काही दिसलं तर मलम चोळत बसू नकोस, डॉक्टरकडे जा आणि आपण मॉस हाताळतो हे न विचारता सांग. आपल्याकडे डॉक्टरच्या डोक्यात हा रोग चटकन येत नाही. भुसकट उडू नये म्हणून कोरडं मॉस उघड्यावर झटकू नये, आधी शिंपडून मग सोडवावं.

खर्चाचं म्हणशील तर मी गेली काही वर्षं निम्मं मॉस, निम्मं धुतलेलं कोकोपीट असं वापरतो. कोकोपीट दोनदा तरी धुवून घे, त्यात मीठ असतं. मॉस आतल्या बाजूला, सालीच्या कड्याला लागून, आणि कोकोपीट बाहेरून. यश थोडं कमी येतं, पण चालतं. आणि असं करण्यामागं पैसा एवढंच कारण नाही. जिथून ते येतं तिथं एकदा ओरबाडलेली गादी पुन्हा भरायला वर्षानुवर्षं जातात. चिलीनं 2024 साली कायदा करून पीट काढणं बंद केलं आणि मॉसच्या तोडणीवर बंधनं घातली. पुढं हा माल स्वस्त होईल असं धरून चालू नकोस. कलमं काढून झाली की मुळांना चिकटलेलं मॉस तसंच राहू दे, पण प्लास्टिकमध्ये जे सुटं उरतं ते फेकू नकोस. ज्या झाडांना रोग नाही त्यांचं उकळत्या पाण्यातून काढून, वाळवून मी दुसऱ्या वर्षी बाहेरच्या थराला वापरतो.

यंदा मृगाच्या पावसात पत्र्याखाली दोन कॅन लावून ठेव. पहिला पाऊस सोडून दे, त्यात पत्र्याची धूळ असते. दिवाळीनंतर ये, डब्यात कोंब आलेच तर तुझ्या बरणीत घालून देतो. येताना ती जुनी वही बघायची आठवण कर.